आठ दिवसांची बुडी

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे, आणि या घटकेला मी बुडालेली आहे.

दचकू नका. माझ्या पोटात चौदा मोठे दगड आहेत. माझे पुढचे टोक काठाकडे आहे. माझ्यावर कुठे कमरेइतके, तर कुठे छातीइतके पाणी आहे. मला हे नवे नाही. ग्वाल्हेरपासून सात कोसांवर तिघऱ्याचे धरण आहे. तिथल्या घाटाशी दरवर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मला अशीच बुडवतात आणि आठ दिवस पुरे झाले की वर काढतात.

लाकडाला तहान असते, मित्रांनो. होळीनंतर धरणाचे पाणी उतरते, म्हणून मला काठावरच्या छपरात ठेवतात. मग उन्हाळा जातो. पावसाळ्यात पुराबरोबर झाडांचे ओंडके वाहत येतात, म्हणून तेव्हाही मी छपरातच असते. सात महिने कोरडी राहिले की माझ्या फळ्या आकसतात आणि सांध्यांत सुई जाईल एवढ्या फटी पडतात. वरून कितीही रंग द्या, त्या मिटत नाहीत. पाण्यात आठ दिवस राहिले म्हणजे लाकूड पोटभर पाणी पिते, फुगते, फळी फळीला घट्ट भेटते. मग पुढच्या होळीपर्यंत मी थेंब आत येऊ देत नाही.

बुडालेल्या नावेला कोणी विसरले तर, असे तुमच्या मनात आले असेल. ते महिपतरावांच्याही मनात आले होते. महिपतराव म्हणजे माझा सांभाळ करणारे. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले आणि ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी या वस्तीत राहिले. त्यांच्या घरी तलवारी होत्या, पण यांच्या हाती आले वल्हे. महिपतराव दरवर्षी घरच्या वेलाचा एक भोपळा वाळवत, दोरीने माझ्या टोकाला बांधत आणि पाण्यावर सोडत. वर भोपळा हलतो आहे तोवर खाली मैना आहे, असे घाटावरचे सगळे समजून असत. मैना हे माझे नाव.

आज सातवा दिवस आहे, आणि माझ्यावर भोपळा नाही.

काय झाले ते सांगते. पण त्याआधी मी कोण होते ते तुम्हाला कळले पाहिजे, नाहीतर मी इतकी का घाबरले आहे ते कळायचे नाही.

माझे लाकूड शिवपुरीच्या रानातल्या सागाचे. मला घडवायला चंबळेकडून एक म्हातारा मिस्त्री आला होता. त्याने छपरात वर्षभर मुक्काम केला. फळी कापली की तो तिला कान लावून बोटाने वाजवायचा, आणि आवाज पसंत पडला नाही तर बाजूला ठेवायचा. सांध्यांत त्याने ताग आणि राळ भरली. शेवटी माझ्या टोकावर एक मैना कोरली, चोच थोडी उघडलेली. निघताना त्याने मला हात लावून महिपतरावांना सांगितले, "इसे प्यासी मत रखना, भैया. बाकी ये सब सह लेगी." महिपतराव तेव्हा तरणे होते. त्यांनी ते वाक्य मंत्रासारखे धरले.

राज्य तेव्हा शिंदे महाराजांचे होते. दरबारचे पाहुणे आले की त्यांना जलविहाराला आणत. एरवी शहराच्या लष्कर भागातली मराठी कुटुंबे यायची. तिथल्या दाना ओली या गल्लीतल्या बायका टांग्यांतून पितळी डबे घेऊन यायच्या, आणि महिपतराव लाल फेटा बांधून घाटावर उभे असायचे. तो फेटा नौकाखान्याचा होता. नौकाखाना म्हणजे मी, सहा वल्ही, एक छप्पर आणि तीन माणसे. पण महिपतराव तो शब्द असा उच्चारत की ऐकणाऱ्याला तिथे जहाजे असतील असे वाटावे.

घाट सोडला की आधी मी धरणाच्या भिंतीसमोरून जायची. केवढी ती दगडी भिंत! खाली बसून पाहिले की तिचे दुसरे टोक धुक्यात गेल्यासारखे वाटायचे. तिथे महिपतराव वल्ही थांबवून सांगत, "भिंतीला हाक मारा. सरकारी भिंत आहे, पण घेतलेलं परत देते." माणसे आपापली नावे घेत आणि भिंत ती परत देई.

एकदा एक नवी सून आली होती, इंदुताई. साताऱ्याकडची, दाना ओलीतल्या भालचंद्रपंतांची बायको. पंत दरबारच्या दफ्तरात कामाला होते. सगळ्या बायका तिच्या मागे लागल्या की भिंतीला नवऱ्याचे नाव सांग, आम्हाला दोनदा ऐकायला मिळेल. ती लाजेने लाल झाली. नवऱ्याचे नाव असे उघड्यावर कसे घ्यायचे? खाली पाहता पाहता तिला माझ्या टोकावरची चोच दिसली आणि तिने एकदम हाक मारली, "मैना!" भिंतीने माझे नाव परत दिले. मित्रांनो, इतक्या वर्षांत लोकांनी हजार नावे घेतली असतील. माझे नाव त्या भिंतीने तेव्हा पहिल्यांदा घेतले.

भिंत मागे पडली की चीलखो लागायची. दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या दरीला इकडे खो म्हणतात, आणि या खोमध्ये चिलींची, म्हणजे घारींची, घरटी आहेत. दोन्ही बाजूंना तांबडे कडे सरळ पाण्यातून वर गेलेले. पाय टेकायला बोटभर जागा नाही. मध्येच दरी इतकी अरुंद होते की वल्ही उचलून धरावी लागतात आणि खडकाला हाताने रेटत पुढे सरकावे लागते. त्याच्या पुढे कड्यावर मधमाश्यांची पोळी लटकतात, टांग्याच्या चाकाएवढी. तिथे कोणी बोलायचे नाही असा नियम होता. महिपतराव आधीच बजावत, "या माश्या दरबारी आहेत. बिनमुजऱ्याचं कोणी बोललेलं त्यांना खपत नाही." बडबड्या बायकाही तोंडाला पदर लावून बसत. पोळी संपली की दरी एकदम उघडायची, मोठा डोह लागायचा. तिथे चुली मांडून बाट्या, म्हणजे कणकेचे गोळे, भाजायच्या आणि दुपार उतरली की परतायचे. आपली दक्षिणेतली माणसे इथे येऊन पुरणपोळी विसरली नाहीत, पण बाटीही त्यांनी आपली करून टाकली.

ते दिवस चांगले होते. मी चांगली होते म्हणूनही ते चांगले होते, असे मला वाटायचे. म्हाताऱ्या माणसांना असे वाटतेच.

मग अठ्ठेचाळीस साल आले. ग्वाल्हेर, इंदूर आणि भोवतालची संस्थाने मिळून मध्यभारत नावाचे नवे राज्य झाले. अर्धे वर्ष राजधानी ग्वाल्हेरला आणि अर्धे वर्ष इंदूरला, असा बेत ठरला. कपाटे, पेट्या, माणसे, सगळे इकडून तिकडे हलू लागले. आणि हलवण्याआधी सगळ्याची यादी. दरबारची प्रत्येक वस्तू कोणीतरी जाऊन डोळ्यांनी पाहायची आणि कागदावर तिच्यापुढे 'आहे' किंवा 'नाही' लिहायचे.

आमच्या घाटावर यादी घेऊन आले ते भालचंद्रपंत. माणूस भला, पण हुकुमाला भिणारा. ते आले तेव्हा माझ्या बुडीचा पाचवा दिवस होता. महिपतरावांनी मोठ्या ऐटीत पाण्याकडे बोट दाखवले. पंतांनी चष्मा पुसला, वाकून पाहिले आणि म्हणाले, "महिपतराव, मला दिसतो तो भोपळा. भोपळा लिहू का?"

"भोपळा माझ्या घरचा आहे, पंत. त्याच्या खालचं लिहा."

"खालचं मला दिसत नाही. न पाहता कसं लिहू?"

पंतांनी हळू आवाजात आणखीही एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी नव्या सरकारचे दोन अधिकारी येणार होते. त्यांना जलविहार घडवायचा आणि मग ते ठरवणार की नौकाखाना ठेवायचा की मोडायचा. महिपतरावांना दुसरे कोणतेच काम येत नव्हते, आणि त्या वयात शिकायचेही नव्हते. नौकाखाना मोडला असता तर मी छपरात वाळून सरपण झाले असते, हे त्यांनाही कळत होते आणि मलाही.

महिपतरावांच्या हातून चूक झाली ती इथे. त्यांनी मला पाचव्या दिवशी वर काढले. पाच दिवसांत बहुतेक फटी मिटल्या होत्या. वरून तर मी झकास दिसत होते. माझ्या उजव्या कुशीतल्या तळाच्या दोन फळ्या मात्र अजून एकमेकींना भेटल्या नव्हत्या. मला तोंड असते तर मी ओरडले असते. मला चोच आहे, पण ती लाकडाची.

दुसऱ्या दिवशी वल्ह्यांवर नेहमीचे दोघे भाऊ होते, आणि दोन्ही अधिकारी बसले. एक सडपातळ होते, एक चांगले जाडजूड. पंत बसले. पाहुण्यांच्या जेवणाचे पाहायला इंदुताई आल्या होत्या. आता त्या नव्या सून राहिल्या नव्हत्या, घर चालवणाऱ्या बाई झाल्या होत्या. त्यांच्यापुढे परातीत बाट्यांसाठी तूप घालून घट्ट मळलेली कणीक होती, वर झाकण म्हणून ताट. भिंतीसमोर सगळे ठीक होते. अरुंद जागेत शिरताना माझ्या तळाला खडक जरा घासला. नेहमीच घासायचा. पण त्या दिवशी त्या दोन फळ्यांमधला ताग निसटला आणि पाणी आत आले.

आधी जाड साहेबांच्या जोड्यांना लागले. त्यांनी पाय वर घेतले. मग पंतांची यादी ठेवलेली पिशवी भिजली. महिपतरावांनी खाली पाहिले, आणि मित्रांनो, त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. मागे वळायला जागा नव्हती. पुढे डोह होता, पण तोवर मी तरंगले नसते. आणि वर बरोबर ती पोळी. ओरडायची सोय नव्हती, हुकूम देण्याचीही नव्हती.

महिपतराव गुडघ्यावर बसले आणि तळव्याने फट दाबली. पाणी बोटांमधून येतच राहिले. त्यांनी भोवती पाहिले. चिंधी नव्हती, ताग नव्हता. मग त्यांचा दुसरा हात फेट्याकडे गेला आणि तिथेच थांबला. परक्या बायकांसमोर आणि पाहुण्यांसमोर बोडक्या डोक्याने राहायचे नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज होता. डोक्यावर काही नसलेले महिपतराव आजवर घाटावर कोणी पाहिले नव्हते.

इंदुताई त्यांच्या कानाशी वाकल्या. इतक्या हळू बोलल्या की ते मी आणि महिपतरावांनीच ऐकले. "महिपतराव, डोकं झाकायचं की तळ?"

असे म्हणून त्यांनी मान फिरवली आणि कड्याकडे पाहत राहिल्या. त्यांचे पाहून पंतांनी मान फिरवली. दोन्ही साहेबांना काय ते कळले नसेल, पण त्यांनीही फिरवली. महिपतरावांनी फेटा सोडला. इंदुताईंनी न बघता परात मागे सरकवली. महिपतराव ते लाल कापड कणकेत घोळून सांध्यात ठोसू लागले, अंगठ्याने, मग वल्ह्याच्या मुठीने. तूप घातलेली ती घट्ट कणीक सांध्यात बसली आणि पाणी हटले. पूर्ण नाही, पण हटले. पंतांनी आपली काळी टोपी काढली आणि त्या टोपीनेच पाणी उपसायला सुरुवात केली. मग जाड साहेबांनीही हॅट काढली, त्यांचे पाहून सडपातळ साहेबांनीही. वर माश्या गुणगुणत होत्या आणि खाली चार भली माणसे उघड्या डोक्यांनी, एक शब्द न बोलता पाणी बाहेर टाकत होती.

उपसत उपसतच आम्ही डोहाला लागलो. काठावर उतरल्यावर सडपातळ साहेबांनी विचारले की हे कसे झाले. महिपतरावांना दोष खडकावर ढकलता आला असता. ते म्हणाले, "आठ दिवस भिजवायची असते. मी पाचव्या दिवशी काढली. चूक माझी."

"का काढली?"

"आपण येणार होता."

साहेबांनी ओली हॅट खडकावर वाळत घातली. मग म्हणाले, "आम्ही तीन दिवस थांबलो असतो की. कोणी सांगितलं तर पाहिजे."

त्या दिवशी बाट्या झाल्या नाहीत. गूळ-शेंगदाण्यांवर सगळ्यांचे जेवण झाले. महिपतरावांनी दुपारभर त्या फळ्यांत पुन्हा ताग भरला आणि मला परत आणले. नौकाखाना राहिला. पंतांनी ओल्या यादीत माझ्यापुढे 'आहे' लिहिले, आणि शेवटच्या रकान्यात एक शेरा लिहिला. तो त्यांनी महिपतरावांना मोठ्याने वाचून दाखवला, म्हणून मला पाठ आहे: "सदर नाव कोजागिरीनंतर आठ दिवस बुडवून ठेवावी लागते. बुडालेली आढळल्यास हरवली असे समजू नये."

त्या शेऱ्यावर मी आठ वर्षे निर्धास्त राहिले.

आता छप्पन्न साल आहे. मध्यभारतही मोडणार आणि येत्या एक तारखेपासून मध्य प्रदेश होणार. राजधानी भोपाळला. पुन्हा पेट्या भरल्या जात आहेत. पुन्हा यादी.

महिपतराव आता थकले आहेत. तरी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उभे राहून माझ्यात दगड ठेवून घेतले आणि भोपळा बांधला. चौथ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. लोकांनी त्यांना टांग्यात घालून छावनीतल्या घरी नेले. वल्ही मारणारे दोघे भाऊ गावाला कापणीसाठी गेले आहेत. पाचव्या दिवशी पाण्यावर आलेल्या म्हशींपैकी एकीच्या शिंगात दोरी अडकली. तिने मान झटकली, दोरी तुटली आणि भोपळा तिच्या मागे मागे गेला. म्हशीला कसला दोष द्यायचा? तिला कोणी यादी दिली नव्हती.

काल, सहाव्या दिवशी, नवा कारकून आला, रमाकांत. तिशीचा, चटपटीत, इथेच वाढलेला. पाण्यातून आवाज चांगला ऐकू येतो, मित्रांनो. त्याने छपरातली वल्ही मोजली, मग घाटावर येऊन उभा राहिला. कोणाला तरी विचारले की नाव कुठे आहे. तो वाटसरू होता, त्याला माहीत नव्हते. "बोट तो है ही नहीं," असे स्वतःशीच म्हणत त्याने पेन्सिलीने लिहिले. काय लिहिले ते पाहायची मला गरज नव्हती. जाताना तो परवाच बदलून आलेल्या चौकीदाराला म्हणाला की उद्या पुन्हा येतो, आणि तेव्हा शाईने लिहून घेतो.

तो उद्या म्हणजे आज.

काल रात्रीपासून माझ्यावर गाळ बसतो आहे. बारीक, मऊ. आठ दिवस हे पाणी माझे औषध असते. पण औषधही मुदतीपुढे घेतले तर विष होते. शाईने 'नाही' लिहिले गेले की महिपतरावांना घरी बसवतील, आणि जी नाव कागदावर नाही तिला पाण्यातून कोण काढणार? पुढच्या पुरापर्यंत मी याच दगडांखाली रुजून जाईन. मासे माझ्या फळ्यांना तोंड लावून जातात तेव्हा मला वाटते, आले कोणी. दर वेळी वाटते.

पण थांबा. घाटावर टांगा थांबल्याचा आवाज आला.

रमाकांतचे जोडे मी ओळखते. त्याच्यामागे आणखी दोघे आहेत. एक काठी टेकत येतो आहे आणि पायरीपायरीला "सांभाळून" म्हणतो आहे. ते भालचंद्रपंत. आणि त्यांच्या पुढे येणारे पाऊल इंदुताईंचे.

त्या काय म्हणतात ते ऐकते. पंतांच्या मुलाची बदली भोपाळला झाली आहे, उद्या सकाळच्या गाडीने सगळेच जाणार. निरोप घ्यायला म्हणून त्या आज पहाटे छावनीत महिपतरावांकडे गेल्या होत्या. ते तापात एकच विचारत होते, भोपळा आहे ना. घरच्यांना वाटले भाजीचे म्हणताहेत. इंदुताईंनी तिथल्या तिथे टांगा बोलावला.

"भोपळा नाही," असे त्या आता पंतांना सांगत आहेत. मग रमाकांतला त्या विचारतात की जुन्या यादीतला शेरा वाचला का. तो नम्रपणे सांगतो की नव्या यादीत शेऱ्याचा रकानाच नाही, जागा कमी होती म्हणून तो नकलताना सोडून दिला.

"मीच लिहिला होता हो तो," पंत म्हणतात.

"आप बोलताय ते ठीक आहे, काका," रमाकांत म्हणतो. "पण मला दिसायला तर पाहिजे ना. वहाँ कुछ नहीं है, फक्त पाणी आहे."

मग पाण्यात पाऊल पडल्याचा आवाज येतो. पायरी घसरडी आहे. दुसरी पायरी. पंत काठावरून म्हणतात, "अगं, पाय घसरेल, या वयात काय हे." तिसरी. ओचा सावरत इंदुताई कमरेइतक्या पाण्यात आल्या आहेत. पण त्या डावीकडे चालल्या आहेत. मी उजवीकडे आहे. पाय गाळात चाचपतो आहे. मला हलता येत नाही, मित्रांनो. चौदा दगड आहेत. त्या थांबतात. घाटावरच्या ज्या महादेवासमोर मला दरवर्षी बुडवतात त्याच्याकडे पाहतात, पायऱ्या मोजतात, आणि वळतात.

त्यांच्या पायाचा अंगठा माझ्या चोचीला लागला.

त्या अंगठ्याने चोच, मग डोळा, मग मान, असे सगळे ओळखून घेतात.

"आहे," त्या म्हणतात. "लिहा."

"मावशी, मला दिसत नाही ना."

"मग जोडे काढून इथं या."

रमाकांत घोटाळतो. मग एक जोडा पायरीवर ठेवल्याचा आवाज येतो, मग दुसरा. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो येतो, गुडघे केव्हाच बुडतात, तो वाकून पाण्यात हात घालतो आणि त्याची बोटे माझ्या काठावरून फिरतात. आधी घाईने, मग सावकाश. तो एका फळीला बोटाने टकटक करतो. त्या मिस्त्रीसारखे. "पक्की आहे एकदम," तो म्हणतो, आणि त्याच्या आवाजात आश्चर्य आहे.

काठावर जाऊन त्याने ओल्या हाताने शाईचे पेन काढले. पंतांनी विचारले की शेरा कुठे लिहिणार. रमाकांत म्हणाला की समासात लिहितो, तुम्ही सांगा. पंतांनी तोच शेरा सांगितला, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

मग रमाकांतच्या उत्साहाला भरती आली. तो म्हणाला, गावातून चार माणसे बोलावतो, आत्ताच वर काढू, मावशींना एक फेरी मारून आणू, त्या उद्या जाणार ना. माझे लाकूड न लाकूड शहारले. इंदुताईंना ती फेरी किती हवी होती ते मला ठाऊक आहे. टांग्यात परात आहे, मघाशीच कोणीतरी म्हणाले. टांगा येईपर्यंत कणीक मळून घेऊनच त्या छावनीतून निघाल्या होत्या.

इंदुताईंनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, "आज सातवा दिवस आहे. उद्या संध्याकाळी काढा. त्याआधी कोणीही आलं तरी नाही."

"पण तुम्ही तर सकाळीच जाताय."

"मी जाते. ती राहते ना."

भोपळा नव्हता, म्हणून त्यांनी तुपाचा रिकामा डबा घट्ट झाकण लावून माझ्या टोकाला बांधला. पुन्हा पाण्यात उतरून स्वतःच्या हाताने. कणकेची परात त्यांनी चौकीदाराकडे दिली. उद्या नाव काढायला येतील त्यांनी बाट्या करून खाव्यात, आणि पहिल्या फेरीला मूठभर कणीक जवळ ठेवावी, असे सांगितले. मग त्या पायरीवर उभ्या राहिल्या, भिंतीकडे तोंड केले आणि हाक मारली.

"मैना!"

भिंतीने मला परत दिले. आवाज दोघींचाही म्हातारा झाला होता.

टांगा गेला. आता वर डबा हलतो आहे; दोरीतून मला त्याचा झोका कळतो. भीती पूर्ण गेली असे नाही. उद्या संध्याकाळ व्हायची आहे, महिपतरावांचा ताप उतरायचा आहे, आणि भोपाळच्या कागदांत तो समास टिकायचा आहे.

म्हणून, मित्रांनो, एवढेच मागते. माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्या घरी असेल, तर तिला नुसता रंग देऊ नका. तिला काय लागते ते जाणत्या माणसाला विचारा, तो माणूस आहे तोवर विचारा. घाई असली तरी तिचे आठ दिवस तिला पुरे द्या. एखादी वस्तू दिसत नाही म्हणून 'नाही' लिहू नका. आधी जोडे काढा आणि पाण्यात उतरा.

आणि कधी तिघऱ्याला आलात, आणि पाण्यावर एखादा डबा किंवा भोपळा एकटाच डुलताना दिसला, तर तो ओढू नका. त्याच्या खाली मी असेन, पाणी पीत.